जानापावची फेरी आणि परतीची वेळ

राजवाड्यासमोरच्या बागेत संध्याकाळी बसून डोंगराचे बेत आखायचे, ही आमच्या घरची जुनी खोड आहे. समोर तो सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. हातात शेंगदाण्याची पुडी. अशा ठिकाणी बसले की कोणताही डोंगर सोपाच वाटतो. तिथेच आमची फसगत होते.

यंदाचा बेत जानापावचा. महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरच्या बाजूला गेले की हा डोंगर लागतो. इंदुराहून अंतर सुमारे ४५ किलोमीटर. कुटी गावातून पायवाटेने चढायचे, माथ्यावर परशुरामाचे स्थान आणि कुंड पाहायचे, आणि वरपर्यंत आलेल्या डांबरी रस्त्याने उतरून पुन्हा गावात यायचे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फुटांवर आहे आणि जानापाव सुमारे २८००. म्हणजे आपल्या ओट्यापेक्षा हजार फूट उंच, एवढेच. सह्याद्रीत फिरलेल्या मंडळींना याचे हसू येईल, येऊ द्यावे.

पण या डोंगराशी आपले नाते उंचीचे नाही, पाण्याचे आहे. चंबळेचा उगम इथला. ती उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते; उलट दक्षिण उतारावरचे पाणी नर्मदेकडे धावते. एकाच माथ्यावरची एक सर बंगालच्या उपसागराची वाट धरते आणि दुसरी अरबी समुद्राची. इथून साडेसात नद्या निघतात असे तिथले लोक सांगतात. अर्धी नदी कोणती, हे विचारण्याचा आगाऊपणा मी एकदा केला होता. पुन्हा करणार नाही. राजवाड्यापासून चार पावलांवर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, आपली खान नदी वाहते. ती क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळेला. तेव्हा आपल्या दाराशी मुक्या झालेल्या त्या पाण्याची मोठी बहीण पाहायला जायचे, असा सारा मामला.

बैठकीला आम्ही तिघे होतो : मी, वयाची सत्तरी ओलांडलेले माझे भाऊजी, आणि पुतण्या. पुतण्याचे म्हणणे, "काका, ऑगस्टमध्येच जाऊ. तेव्हाची हिरवळ पुन्हा मिळायची नाही." हिरवळीबद्दल त्याचे खरे आहे. तरी मी नको म्हणालो, आणि भाऊजींनी माझ्याकडे नुसते पाहिले. त्या पाहण्यामागे एक दिवस आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे भर पावसाळ्यात चोरलच्या खोऱ्यात उतरलो होतो. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीला अचानक लोंढा येऊन सहलीला गेलेली माणसे वाहून गेली, ती दृश्ये आम्हीही पाहिली होती. पण आपण धबधब्यावर थोडेच जातो आहोत, असे आमचे शहाणपण! सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून एक ओढा ओलांडला. डोक्यावर लख्ख ऊन होते. पाऊस पडला तो वर, आमच्या नजरेआड. दुपारी परतलो तेव्हा तोच ओढा कंबरेच्या वर, आणि रंग चहाचा. भाऊजी पाय टाकायला निघाले होते; मी त्यांचा सदरा धरून ठेवला. अंधार पडेपर्यंत आम्ही पलीकडे बसून राहिलो. पाणी उतरल्यावर, विजेरीच्या उजेडात, हात धरून ओलांडले. खोऱ्यात फोन लागत नव्हता. कुठे जातो आणि कधी येणार, हे घरी सांगितले नव्हते. आक्का रात्री अकरापर्यंत ओट्यावर बसून होती. ती रागावली नाही. दोन दिवस बोललीच नाही.

म्हणून यंदा बेत ऑक्टोबरच्या मध्याचा. पाऊस सरलेला, गवत अजून उभे, आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कार्तिकी पौर्णिमेला वर यात्रा भरते, ती गर्दीही टळते.

मग हिशेब मांडला. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम घालून दिला : तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आमची फेरी दहा किलोमीटरची धरली तर चालण्याचे दोन तास आणि चढाचा अर्धा. "हा साहेब गुडघेदुखीचा नव्हता," भाऊजी म्हणाले, "दुप्पट कर." दुप्पट केले. पाच तास, आणि माथ्यावर एक. साडेआठला चढू लागलो तर अडीचला खाली.

पुतण्याला फेरी उलटी हवी होती. रस्त्याने चढू, पायवाटेने उतरू, शेवट रंगतदार होईल. पण माळव्याचा तो काळा दगड सुटा होऊन पायवाटेवर पडतो आणि गवताखाली दिसत नाही. अशा दगडावर दमलेल्या पायांनी उतरताना गुडघे जातात. ताज्या पायांनी चढणे बरे. शिवाय माथ्यावर भाऊजी थकलेच, तर त्यांना न्यायला गाडी वर येऊ शकते. उलट्या फेरीत ही सोय ऐन उतारावरच नाहीशी होते. हे ऐकून पुतण्या गप्प झाला. मग त्यानेच विचारले, "आणि माथा गाठलाच नाही तर? आतोबा काही परत फिरा म्हणायचे नाहीत."

प्रश्न नेमका होता. माथा समोर दिसू लागला की घड्याळ कोणाला दिसत नाही. तेव्हा वेळ इथेच ठरवली : साडेअकरा. साडेअकराला असू तिथून मागे, माथा शंभर पावलांवर असला तरी. घड्याळ पुतण्याच्या हाती, आणि त्याचा शब्द शेवटचा. सत्तरीतल्या माणसाने विशीतल्या पोराचे ऐकायचे, हे भाऊजींना कबूल करायला शेंगदाण्याची दुसरी पुडी संपवावी लागली.

बाकीचे किरकोळ. माणशी तीन लिटर पाणी, दशम्या आणि गूळ. सकाळी साडेसहाला राजवाड्याशी जमायचे, पोहे खायचे; जिलबी मात्र परतल्यावर.

घरी आल्यावर मी हे सारे कागदावर उतरवले : वाट कोणती, गाडी कुठे लावणार, खाली किती वाजता, आणि संध्याकाळी पाचपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे. कागद आक्काच्या हाती दिला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, पेन मागितले, आणि 'पाच' खोडून 'चार' केले.