तर्जनीचे 14 टक्के

सकाळी साडेआठ. कुलूप काढायच्या आधीच तर्जनी गमावलेला चाकणचा प्रेस ऑपरेटर पायरीवर हजर. आज त्याची उलटतपासणी. अपघात 2021 चा, नवी संहिता लागू होण्याआधीचा, म्हणून नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा. वर्कशॉपात माणसं जेमतेम सात, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगार विमा, नाही. असतं तर हा दावाच चालला नसता. वैद्यकीय मंडळाने टक्का ठरवला असता आणि त्याला दरमहा रक्कम सुरू झाली असती.

साडेनऊ. चहा घेता घेता हिशेब पुन्हा तपासला. कायद्याच्या अनुसूचीत अंगठ्याला 30 टक्के, तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, करंगळीला 7. डावा-उजवा भेद नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. पगार 15,000, त्याचे 60 टक्के 9,000. अपघाताच्या वेळी वय 30, म्हणून गुणक 207.98. दोन्हींच्या गुणाकाराचे 14 टक्के, म्हणजे 2,62,054 रुपये. वर्कशॉपचे शेठ म्हणतात पगार 12,000 होता. तसं धरलं तर 52 हजार कमी. टक्क्यावर सहसा भांडण नसतं, असतं ते पगारावर. पैसे रोखीने मिळायचे, स्लिप नाही. घरमालकाची भाडेपावती नि सोबत्याची साक्ष, एवढ्यावर आमची भिस्त.

साडेअकरा. कोर्टात पुकारा झाला. "आता काय करता?" समोरच्या वकिलांचा प्रश्न. "वॉचमन आहे, साहेब." "म्हणजे कमावता!" मी हरकत घेतली. जबाबाखाली सही करताना त्याने पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं. अक्षर अजून वाकडंच येतं.

दुपारी तीन. युक्तिवादाची टिपणं. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वर हात गमावलेल्या सुताराला पूर्ण अपंगत्व दिलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आमचं एकच बोट गेलंय, तेवढं ताणता येणार नाही. पण प्रेस चालवणं बंद झालं, हे मांडणार. महिन्याच्या आत पैसे न दिल्याचं 12 टक्के व्याज तर मागणारच. दंडही, तो 50 टक्क्यांपर्यंत होऊ शकतो.

सहा. पिंपरीहून एका बाईंचा फोन. नवऱ्याचं बोट गेलंय, मालक 20 हजार देऊन कागदावर सही मागतोय. "ताई, सही करू नका. केली असली तरी हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्द असतो. दवाखान्याचे कागद घेऊन उद्याच या." दाव्याला मुदत दोन वर्षांची असते.