विद्यार्थ्यासाठी प्रिंटर घेताना पानाचा हिशेब

जून उजाडला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पालकांची वह्या, पुस्तके, गणवेश आणि रेल्वेच्या पासाची जुळवाजुळव सुरू होते. अलीकडे या यादीत प्रिंटरची भर पडली आहे. २०२० साली करोनामुळे वर्ग मोबाईलवर आले, आणि नंतर वर्ग पुन्हा खोलीत भरू लागले तरी कागद मात्र मोबाईलवरच राहिले. प्रश्नपत्रिका, नोट्स, प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, सारे पीडीएफच्या रूपाने येते आणि घरातला विद्यार्थी म्हणतो, आपल्याकडे प्रिंटर हवा. आसनगावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बाकीची कितीतरी मुले रोज लोकलने कल्याण, उल्हासनगर, ठाणे गाठतात. त्यांची मागणी चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु टेम्पो चालवणाऱ्या, शिलाई करणाऱ्या किंवा लहान दुकान सांभाळणाऱ्या घरासाठी दहा-बारा हजार रुपये ही फीच्या एका हप्त्याएवढी रक्कम असते. ती कोठे घालावी, याचा विचार दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी व्हावयास हवा.

आम्हा कापडवाल्यांकडे एक गिऱ्हाईक असे येते की जे फक्त मीटरचा दर विचारते, पन्हा विचारत नाही. ३६ इंच पन्ह्याचे कापड स्वस्त दिसते म्हणून घेऊन जाते, आणि शिंप्याने जास्त मीटर मागितले की दुकानदाराला दोष देते. प्रिंटरच्या बाजारात नेमके हेच चालते. खोक्यावरची किंमत म्हणजे मीटरचा दर. आतल्या शाईत किती पाने निघतात, हा त्याचा पन्हा. कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून यंत्र स्वस्तात द्यायचे आणि कमाई शाईवर करायची, ही पद्धत या धंद्यात जगभर रुळली.

आता हिशेब मांडू. खालचे दर केवळ हिशेबासाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातले दर घालून आकडे पुन्हा करावेत.

कागदाचे रिम ५०० पानांचे. ते ३०० रुपयांना धरले तर कागद पानामागे ६० पैसे पडतो. दुकानात एका काळ्या प्रिंटचे ५ रुपये धरू.

सर्वात स्वस्त प्रिंटर म्हणजे लहान कार्ट्रिजचा इंकजेट. समजा तो ४,००० रुपयांना मिळाला. या यंत्रांच्या लहान काळ्या कार्ट्रिजमधून कंपनीच्याच आकड्यानुसार शंभर-दीडशे पाने निघतात. १२० पानांचे कार्ट्रिज ८०० रुपयांना धरले तर शाईच पानामागे ६ रुपये ६७ पैसे, कागदासह सव्वासात रुपयांच्या वर. म्हणजे यंत्र फुकट मिळाले तरी दुकानापेक्षा घरचे पान महाग. शिवाय काळी शाई संपली नसली तरी रंगीत कार्ट्रिज रिकामे झाले म्हणून अडून बसणारी यंत्रे आहेत, ते नुकसान वेगळे. वाढदिवसाला भेट म्हणून आलेला असा प्रिंटर कपाटावर धूळ खात पडलेला मी एकाहून अधिक घरांत पाहिला आहे.

दुसरा प्रकार शाईच्या टाकीचा, ज्याला बाजारात इंक टँक म्हणतात. याची कथा व्यापाऱ्याला आवडेल अशी आहे. महाग कार्ट्रिजला कंटाळून इंडोनेशियातील दुकानदार प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून शाई पुरवू लागले होते. आपल्याकडच्या कारागिरांनीही हा उद्योग केला. शेवटी २०१० साली एपसन कंपनीने तोच जुगाड स्वतःच्या यंत्रात बसवून इंडोनेशियातच विकायला काढला. पुढे कॅनन आणि एचपीही त्या वाटेने आल्या. बाजाराने आधी केले, कंपनीने नंतर स्वीकारले.

इंक टँक महाग असतो. १२,००० रुपये धरू. परंतु त्याच्या काळ्या शाईच्या एका बाटलीवर ४,५०० ते ६,००० पानांचा आकडा असतो. ४,५०० पानांची बाटली ४०० रुपयांना धरली तर शाईचा खर्च पानामागे ९ पैसे. कागद, सफाईत वाया जाणारी शाई, खराब निघालेली पाने हे सारे धरून पान १ रुपयात पडते असे मानू. दुकानाच्या तुलनेत पानामागे ४ रुपये वाचले. १२,००० रुपये वसूल होण्यासाठी ३,००० पाने छापावी लागतील.

येथेच खरा प्रश्न येतो. ३,००० पाने किती दिवसांत? महिन्याला २५० पाने छापणाऱ्याचे यंत्र एका वर्षात वसूल. १०० पाने छापणाऱ्याला अडीच वर्षे. आणि ४० पाने छापणाऱ्याला सव्वासहा वर्षे, तोवर शिक्षण संपून जाते. म्हणून माझा आग्रह असा की, खरेदीपूर्वी दोन महिने एका वहीत रोजची पाने टिपून ठेवावीत. मुले अंदाजाने सांगतात तो आकडा आणि वहीतला आकडा यांत फार अंतर निघते. अनेक ठिकाणी जर्नल आणि असाइनमेंट हातानेच लिहून मागतात, तेथे प्रिंटरचा उपयोग नाही. शालेय पाठ्यपुस्तकाची पीडीएफ घरी छापण्यापेक्षा बालभारतीचे छापील पुस्तक विकत घेतलेले बरे. शेवटच्या वर्षाचे ब्लॅक बुक हे एकदाच येणारे काम आहे, ते बांधणीसह दुकानातच करावे. घाऊक पाने असली की दुकानदार दरही कमी करतो. मूळ प्रत एक काढून बाकीच्या झेरॉक्स केल्या तर आणखी फरक पडतो, कारण झेरॉक्सचा दर प्रिंटपेक्षा बहुधा कमी असतो.

पानांचे जे आकडे खोक्यावर असतात, ते ठरलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने काढलेले असतात. सुमारे पाच टक्के भागावर शाई, असे साधारण पत्रासारखे पान त्यात गृहीत असते. पूर्ण काळे मुखपृष्ठ काढले तर त्याने अशा वीस पानांची शाई खाल्ली. फोटो आणि आलेखांनी भरलेला प्रकल्प करणाऱ्याने कंपनीचा आकडा निम्म्यावर आणूनच हिशेब करावा.

तिसरा प्रकार काळ्या छपाईचा लेझर. यात ओली शाई नसते. टोनर नावाची भुकटी उष्णतेने कागदावर वितळवून बसवतात. शाई वाळण्याचा प्रश्न नाही, हा याचा मोठा गुण. दोन महिने बंद ठेवून चालू केला तरी पान स्वच्छ येते. परंतु १,५०० पानांचे कंपनीचे टोनर ४,५०० रुपयांना धरल्यास कागदासह पान ३ रुपये ६० पैशांना पडते. बाजारात टोनर भरून घेतले तर पान रुपया-सव्वारुपयावर येते, मात्र हमीच्या काळात तसे करण्यापूर्वी हमीचा कागद वाचावा. नव्या यंत्रासोबत येणारे टोनर बहुधा कमी पानांचे असते, हेही विचारून घ्यावे. भुकटी भरता येईल अशीच रचना असलेली लेझर यंत्रेही आता मिळतात. त्यांची किंमत जास्त, पण केवळ मजकूर छापणाऱ्याला ती पाहण्यासारखी आहेत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला कार्यालयांतून निघालेले जुने लेझर मिळतात. कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी १०२० ही यंत्रे आपण झेरॉक्सच्या दुकानांत पाहिली असतील. त्यांच्या टोनरमधून सुमारे २,००० पाने निघतात आणि तो भरून देणारे कारागीर सहज सापडतात. स्वस्त पानासाठी हा मार्ग वाईट नाही. फक्त ही यंत्रे यूएसबी तारेने संगणकालाच जोडावी लागतात, मोबाईलवरून थेट छापत नाहीत. आपल्याकडे बऱ्याच मुलांकडे संगणक नसतो, मोबाईल असतो. अशा घराने वायफाय असलेलेच यंत्र पाहावे. दुकानदार दाखवतो त्यातला सर्वात कमी किमतीचा नमुना पुष्कळदा बिनवायफायचा असतो.

हा सारा हिशेब आसनगाव स्टेशनजवळ किंवा शहापूरच्या बाजारपेठेत राहणाऱ्याचा झाला. डोळखांब, किन्हवलीच्या आतल्या गावांतला किंवा मुरबाडकडे टोकावड्याच्या आसपासचा विद्यार्थी वेगळ्या अडचणीत असतो. त्याला चार पानांसाठी एसटी किंवा वडापने बाजार गाठावा लागतो. जाण्यायेण्याचे ६० रुपये धरले तर चार पाने ८० रुपयांना, म्हणजे एक पान २० रुपयांना पडले, आणि कॉलेजचा दिवस गेला तो वेगळाच. उद्या सकाळी अर्ज द्यायचा असेल आणि रात्री त्रुटी निघाली, तर मुलाची संधीच जाते. या मुलांसाठी प्रिंटर ही चैन मानता येणार नाही. मात्र प्रत्येक घराने एकेक घेण्यापेक्षा वाडीतील चार-पाच विद्यार्थ्यांनी, एखाद्या बचत गटाने किंवा अभ्यासिकेने मिळून एक इंक टँक घ्यावा. चार मुलांची ६० पाने म्हणजे २४० पाने, वर्षभरात वसुली. पानामागे २ रुपये पेटीत टाकायचे ठरवले तर कागद-शाई भागून दुरुस्तीसाठीही थोडे उरते. यंत्र कोणाच्या घरी राहील आणि वही कोण लिहील, एवढे मात्र पहिल्या दिवशी ठरवावे.

इंक टँक आणि लेझर यांत निवड करताना वापराची सवय पाहावी. रोज किंवा दर आठवड्याला छपाई होत असेल तर इंक टँक. परीक्षेच्या वेळी शंभर पाने आणि मग तीन महिने काहीच नाही, असे असेल तर लेझर किंवा सरळ दुकान. शाईचे यंत्र पडून राहिले की बारीक छिद्रांत शाई वाळते. मग सफाई करावी लागते आणि प्रत्येक सफाईत चांगली शाई आतल्या गादीत जाऊन फुकट जाते. आठवड्यात एक रंगीत-काळे पान काढणे हा सोपा उपाय. यंत्र नेहमी त्याच्या बटणानेच बंद करावे, भिंतीवरच्या स्विचने नव्हे. बटणाने बंद केल्यावर छपाईचे डोके आपल्या जागी जाऊन झाकले जाते. लेझरला गरम होताना एकदम बरीच वीज लागते, तेव्हा घरच्या लहान इन्व्हर्टरवर तो लावू नये.

उर्दू किंवा मराठी मजकूर दुकानात छापून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आमच्या शाळेच्या दिवसांत उर्दू पुस्तके कातिबाच्या हातची असत. १९९४ साली इनपेज आले आणि नस्तालिक संगणकावर सोपे झाले. पण आजही आपली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरे तुटतात, नुक्ते आणि काने-मात्रे हलतात. घरूनच पीडीएफ करून न्यावी, म्हणजे पैसे देऊन चुकीचे पान हाती येत नाही.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी जपून राहावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट केले होते की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वात नसतो. आजच्या 'नो कॉस्ट' हप्त्यातही व्याज सवलतीच्या रूपात वळते केलेले असते. त्यावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क गिऱ्हाईकाकडे येऊ शकते. व्याजापासून दूर राहणाऱ्यांनी तर रोखीचा दर वेगळा विचारावा, पुष्कळदा तो कमी निघतो.

बिल पक्के घ्यावे, त्यावर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. काही कंपन्यांची हमी एक वर्ष किंवा ठराविक पाने, यांपैकी जे आधी होईल तेवढीच असते. दुरुस्तीला माणूस घरी येणार की यंत्र कल्याण-ठाण्याच्या केंद्रात न्यावे लागणार, हे विचारा. शाई भरलेले इंक टँक यंत्र लोकलच्या गर्दीत आडवे झाले तर आत शाई सांडते.

कागदाबद्दल आम्हा कापडवाल्यांना थोडे कळते, कारण जीएसएम दोन्हीकडे सारखाच, एका चौरस मीटरचे वजन ग्रॅममध्ये. ए-फोर आकाराच्या ७५ जीएसएमच्या ५०० पानांचे वजन सुमारे २ किलो ३४० ग्रॅम भरते, ७० जीएसएमचे २ किलो १८० ग्रॅम. रिमवर ७५ छापून ७० विकले जात असेल तर किराणा दुकानातला काटाही ते सांगतो. आणि आपल्या भागातल्या पावसात उघडे रिम ओल धरते, पाने वळतात, यंत्रात अडकतात. दोन-तीन दिवसांपुरती पाने ट्रेमध्ये ठेवून बाकीचे रिम प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून जमिनीपासून वर, फळीवर ठेवावे.