पिशवी काढण्याआधी एक चाचणी

अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, म्हणून ऊसतोडीला जाणारी बाई दवाखान्यात येते आणि ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हे ऐकून घाबरते. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ मध्ये सरकारनेच विधान परिषदेत सांगितलं. नंतरच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडला की मजुरी कापली जाते, हेही एक कारण होतंच. पण भीती कॅन्सरची घातली गेली.

या भीतीला आधार किती? गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळपास नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून येणारा हा विषाणू बहुतेक जणींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काही थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. पांढरं जाणं हा अनेकदा औषधांनी बरा होणारा साधा संसर्ग असतो. त्यासाठी गर्भाशय काढायचं नसतं. सोबत अंडाशयंही गेली, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात. आणि डोक्यावरची मोळी काही हलकी होत नाही.

खरा उपाय बीडच्या शेजारीच सिद्ध झाला होता. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेसोबत १९९९ पासून उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास केला. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, तीही एकदाच. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाच्या तपासणी धोरणांना त्यांनी दिशा दिली. बीडला मात्र त्यानंतरही पिशव्या निघतच राहिल्या, याचा राग यायला हवा.

आता तर या चाचणीसाठी मऊ ब्रशने नमुना बाईला स्वतःच, आडोशाला घेता येतो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्याआधी पावसाळाभर बायका घरीच असतात. आशाताईंनी तेव्हाच तिशीपुढच्या प्रत्येकीपर्यंत ही चाचणी न्यावी, अशी सोय सरकारने करावी. आणि बायांनो, कुणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी विचारा: माझी एचपीव्ही चाचणी केली का?