अपॅची एचटीटीपी सर्व्हर

अपॅची एचटीटीपी सर्व्हर ही संकेतस्थळे चालवण्यासाठी वापरली जाणारी एक मुक्त-स्रोत आज्ञावली आहे. वाचकाच्या ब्राउझरकडून आलेली मागणी स्वीकारणे, मागितलेले पान, चित्र वा अन्य फाइल शोधणे आणि ती ब्राउझरकडे पाठवणे हे तिचे मूळ काम होय. हा संवाद ज्या नियमांनुसार चालतो, त्या नियमसंचास एचटीटीपी म्हणतात. पहिली आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१२ पासून २.४ ही मालिका प्रचलित असून तिच्यात नव्या सुविधांची व सुरक्षाविषयक दुरुस्त्यांची भर सातत्याने पडत आली आहे.

उगम व नाव

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या महासंगणन केंद्रात रॉब मकूल यांनी 'एचटीटीपीडी' नावाचा सर्व्हर लिहिला होता. १९९४ मध्ये मकूल यांनी ते केंद्र सोडल्यानंतर त्याचा विकास थंडावला. तथापि, तो वापरणारे संकेतस्थळचालक आपापल्या पातळीवर त्यातील दोष दुरुस्त करीत होते. अशा सुट्या दुरुस्तीस 'पॅच' म्हणजेच ठिगळ असे म्हणतात. ही ठिगळे एकत्र आणण्यासाठी ब्रायन बेहलेनडॉर्फ, क्लिफ स्कोलनिक आदींनी पुढाकार घेतला व फेब्रुवारी १९९५ मध्ये अपॅची गट स्थापन झाला. रॉबर्ट थाउ यांनी सर्व्हरची नव्याने रचना केली आणि तिच्या आधारे १ डिसेंबर १९९५ रोजी १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये हा सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर ठरला. १९९९ मध्ये या गटातून अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली.

अमेरिकेतील अपॅची या आदिवासी समाजाविषयीच्या आदरापोटी हे नाव स्वीकारल्याचे सांगितले जाते. इंग्रजी उच्चारात त्यातून 'ठिगळांचा सर्व्हर' असा श्लेषही साधला जातो.

मॉड्यूल पद्धती

अपॅचीचा गाभा आटोपशीर असून बहुतेक सुविधा 'मॉड्यूल' नावाच्या स्वतंत्र घटकांत विभागलेल्या आहेत. पत्त्यांचे पुनर्लेखन, कूटबद्ध संपर्क, मजकुराचे संकोचन, मागणी दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवणे अशा प्रत्येक कामासाठी वेगळे मॉड्यूल असते. संकेतस्थळचालकाने आवश्यक तेवढीच मॉड्यूले सुरू ठेवावीत अशी अपेक्षा असते, कारण बंद असलेल्या मॉड्यूलमधील दोषाचा सहसा उपद्रव होत नाही. गाभ्यास फारसा धक्का न लावता नवी सुविधा जोडता येणे हे या सर्व्हरच्या दीर्घायुष्याचे एक प्रमुख कारण आहे.

प्रमुख आवृत्त्या

१९९८ मधील १.३ या आवृत्तीत युनिक्सवर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया राबत असे. बँकेतील प्रत्येक ग्राहकासाठी एक खिडकी व एक कारकून राखून ठेवावा, तशी ही व्यवस्था होती. ती सुरक्षित असली, तरी स्मृती फार खर्च करणारी होती. २००२ मधील २.० आवृत्तीत मागण्या हाताळण्याची पद्धतच मॉड्यूलच्या रूपात आली. 'प्रीफोर्क' ही जुनी पद्धत कायम राहिली आणि एका प्रक्रियेत अनेक थ्रेड चालवणारी 'वर्कर' ही नवी पद्धत उपलब्ध झाली.

२००५ मधील २.२ आवृत्तीत 'इव्हेंट' ही तिसरी पद्धत प्रयोगादाखल समाविष्ट झाली. पान मिळाल्यानंतरही ब्राउझर काही काळ जोडणी उघडी ठेवतो. 'वर्कर' पद्धतीत त्या जोडणीपाशी एक थ्रेड निष्क्रिय खोळंबून राहतो. 'इव्हेंट' पद्धतीत अशा निष्क्रिय जोडण्यांवर एकच थ्रेड लक्ष ठेवतो आणि उरलेले थ्रेड प्रत्यक्ष कामासाठी मोकळे राहतात. इगर सिसोयेव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एन्जिनएक्स हा सर्व्हर प्रारंभापासूनच अशा घटनाधारित तत्त्वावर बेतलेला होता. फेब्रुवारी २०१२ मधील २.४ आवृत्तीत 'इव्हेंट' पद्धतीस पूर्ण मान्यता मिळाली.

२.४ मालिकेतील भर

या मालिकेत प्रवेशनियंत्रणाचे नियम लिहिण्याची पद्धत बदलली. जुने नियम चालावेत म्हणून एक सुसंगती मॉड्यूल ठेवण्यात आले, मात्र जुने व नवे नियम एकत्र वापरल्यास अनपेक्षित परिणाम होऊ शकतात.

ऑक्टोबर २०१५ मधील २.४.१७ पासून एचटीटीपी/२ ची सोय झाली. तिच्यामुळे एकाच जोडणीवरून अनेक फाइलींची देवाणघेवाण एकाच वेळी होऊ शकते. २०१७ मधील २.४.२७ पासून ही सुविधा 'प्रीफोर्क' पद्धतीसह वापरता येत नाही. पीएचपी सर्व्हरमध्येच अंतर्भूत करून चालवणारी अनेक जुनी संकेतस्थळे 'प्रीफोर्क'वर अवलंबून असल्याने, तिचा लाभ घेण्यासाठी त्यांना आधी पीएचपी स्वतंत्रपणे चालवण्याची व्यवस्था करावी लागते.

२०१८ मध्ये कूटबद्ध संपर्कासाठी लागणारी प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थांकडून आपोआप मिळवणारे व त्यांचे नूतनीकरण करणारे मॉड्यूल समाविष्ट झाले. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/३ चा मात्र २.४ मालिकेत अंतर्भाव झालेला नाही.

२०२१ मधील सुरक्षादोष

वेब पत्त्यात थेट लिहिता न येणारी अक्षरे टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या तीन-तीन चिन्हांच्या संकेतांत लिहिली जातात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला वा मात्रेला तीन बाइट लागतात, त्यामुळे 'मराठी' हा पाच घटकांचा शब्द पत्त्यात ४५ चिन्हांचा होतो. मराठी लेखाचा दुवा अन्यत्र चिकटवल्यावर दिसणारी टक्केचिन्हांची लांबलचक रांग ती हीच.

साधे टिंबही अशा संकेतात लिहिता येते. फाइलींच्या मार्गात सलग दोन टिंबांचा अर्थ 'एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जा' असा होतो. सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर कोणी जाऊ नये यासाठी सर्व्हरला असे मार्ग ओळखून अडवावे लागतात. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.४.४९ मध्ये मार्ग तपासण्याची पद्धत बदलण्यात आली आणि संकेतात लिहिलेले टिंब काही वेळा तपासणीतून निसटू लागले. परिणामी, प्रवेश स्पष्टपणे नाकारलेला नसल्यास बाहेरच्या फाइली वाचता येऊ लागल्या. सीजीआय सुविधा सुरू असल्यास परक्या व्यक्तीस सर्व्हरवर आज्ञा चालवणेही शक्य झाले. ४ ऑक्टोबरला २.४.५० ही दुरुस्त आवृत्ती आली, परंतु दोनदा संकेतबद्ध केलेले टिंब तिलाही चकवू शकत होते. ७ ऑक्टोबरच्या २.४.५१ मध्ये दोषाचे निराकरण झाले.

२.४.४८ व त्याआधीच्या आवृत्त्यांत हा दोष नव्हता. त्यामुळे अद्ययावतीकरण टाळणेच हिताचे, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. जुन्या आवृत्त्यांतील प्रॉक्सी मॉड्यूलचा एक गंभीर दोष २.४.४९ मध्येच दूर झाला होता. मूळ संरचनेतील 'सर्वांना प्रवेश नाकारावा' हा नियम ज्यांनी कायम ठेवला होता, त्यांच्या फाइली दोषपूर्ण आवृत्तीतही सुरक्षित राहिल्या.

अद्ययावतीकरण

१.३ मालिकेचा विकास २०१० मध्ये, २.० चा २०१३ मध्ये आणि २.२ चा २०१७ मध्ये थांबला. या मालिकांत नव्याने आढळणाऱ्या दोषांवर फाउंडेशनकडून दुरुस्ती मिळत नाही. डेबियन, रेड हॅट यांसारखी लिनक्स वितरणे सुरक्षाविषयक दुरुस्त्या अनेकदा आपल्याकडील जुन्या आवृत्तीतच बसवतात. म्हणून केवळ आवृत्तीक्रमांक पाहून सर्व्हर सुरक्षित की असुरक्षित हे ठरवता येत नाही, वितरणाची सुरक्षा-सूचनाही पाहावी लागते.

नवी आवृत्ती प्रथम संकेतस्थळाच्या प्रतीवर चालवून पाहणे व बदलांची यादी वाचणे इष्ट असते. संरचना-फाइलमधील चुका शोधणारी तपासणी-आज्ञा अपॅचीसोबतच मिळते. संरचनेतील बदल लागू करण्यासाठी सौम्य पुनरारंभाची सोय आहे. तिच्यात चालू मागण्या पूर्ण होऊ दिल्या जातात, त्यामुळे वाचकाचे पान मध्येच तुटत नाही.