क्योटोची निवांत पानगळ

शरद ऋतू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते निरभ्र आकाश, कोजागिरीचे चांदणे आणि आटवलेले केशरी दूध. झाडांच्या पानांशी त्याचा फारसा संबंध नाही. आपली पानगळ शिशिराची. जपानमध्ये मात्र शरद हा पानांचाच ऋतू होय. थंडीची चाहूल लागताच पानांतील हरितद्रव्याचे विघटन सुरू होते. गिंको वृक्षाच्या पानांत आधीपासून दडलेला पिवळा रंग त्यामुळे उघडा पडतो, तर मेपलच्या पानांत साठलेल्या शर्करेपासून नवे लाल रंगद्रव्य तयार होते. दिवस उन्हाचे आणि रात्री थंडगार असतील तर ही लाली अधिकच गडद होते. ती पाहण्यासाठी हिंडण्याला जपानी भाषेत ‘मोमिजिगारी’ म्हणतात. शब्दशः अर्थ, मेपलची शिकार!

या शिकारीला माणसे किती लोटतात हे अनुभवायचे असेल, तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योटो गाठावे. हजार वर्षांहून अधिक काळ जपानची राजधानी राहिलेल्या या नगरीत तोफुकुजी मंदिराच्या लाकडी पुलावर ऐन हंगामात छायाचित्रणास बंदी घालावी लागली, कारण थांबलेल्या प्रत्येक माणसामागे शेकडो जण खोळंबत. शहर बसमध्ये स्थानिक रहिवाशांनाच चढता येईना, तेव्हा केवळ बससाठी असलेल्या दिवसभराच्या पासची विक्री सप्टेंबर २०२३ अखेर थांबविण्यात आली. गर्दीला नावे ठेवणे सोपे असते; परंतु पर्यटक म्हणून गेलेला प्रत्येक जण त्या गर्दीत एकाची भरच घालत असतो. यावर एक साधा उपाय आहे. नामांकित स्थळे इतरांसाठी सोडावीत आणि शहराच्या ईशान्येस, हिएई पर्वताच्या पायथ्याशी, पायी भटकावे.

देमाचियानागी स्थानकातून सुटणाऱ्या एइझान मार्गाच्या छोट्या गाडीने तिसरे स्थानक इचिजोजी. तेथून चढणीच्या रस्त्याने पाऊण तासाच्या आत, रमतगमत का होईना, ‘शिसेनदो’ येते. इशिकावा जोझान नावाच्या सामुराईने १६४१ मध्ये बांधलेली ही कुटी. १६१५ च्या ओसाकाच्या लढाईत आज्ञा मोडून आघाडीवर धावल्याबद्दल त्याच्यावर ठपका आला, आणि त्याने तलवार ठेवून काव्यशास्त्राचा ध्यास घेतला. छत्तीस चिनी कवींची चित्रे त्याने येथे लावली. कुटीचे नाव त्यांवरूनच पडले. नव्वदीपर्यंत तो याच बागेत रमला. आजही तातामीवर बसून पाहिले असता पांढरी वाळू, गोल छाटलेली अझेलियाची झुडपे आणि त्यांमागे पेटल्यासारखे मेपल दिसतात. मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो. बांबूच्या नळीत पाणी भरत जाते, भाराने ती कलते, रिकामी होते आणि मागे येऊन दगडावर आपटते. रानडुकरे व हरणे पळवून लावण्यासाठी केलेली ही युक्ती. पण त्या एका आवाजानेच भोवतालची शांतता कानांना जाणवू लागते.

जवळच ‘एनकोजी’ आहे. तोकुगावा इएयासुने १६०१ मध्ये विद्यालय म्हणून ते स्थापन केले आणि त्या काळी छपाईसाठी वापरलेले लाकडी खिळे तेथे अद्याप जपलेले आहेत. मात्र त्याचे नाव आता बरेच पसरले आहे. शरदात जायचे तर आधी नोंदणीची चौकशी करावी.

आणखी उत्तरेस, मानशुइनच्या भिंतीवरून पुढे गेल्यावर, या वाटेवरचे माझ्या मते सर्वांत आगळे स्थान लागते. ते म्हणजे ‘सेकिझान झेनइन’. बौद्ध मंदिर असूनही त्याच्या वाटेवर शिंतो पद्धतीची तोरण-कमान उभी आहे. आपल्या वास्तुशास्त्रात ईशान्य ही देवाची दिशा. जपानी समजुतीप्रमाणे तीच दिशा अपशक्तींच्या आगमनाचे द्वार. इ. स. ८८८ मध्ये स्थापन झालेले हे मंदिर राजवाड्याच्या ईशान्येस पहारा देते, आणि छपरावर जाळीत बसविलेले माकडही त्या पहाऱ्यात सामील आहे. मेपलच्या कमानीखालून जाणाऱ्या या वाटेला प्रवेशशुल्कही नाही.

बँकेत काम करणाऱ्याने येथे हटकून थांबावे, असे आणखी एक कारण आहे. क्योटोचे व्यापारी या दैवताला उधारी वसूल करून देणारा देव मानत. पाच तारखेला दर्शन घ्यायचे आणि मग येणे गोळा करायला निघायचे! पाच आणि दहाच्या पटीतील तारखांना हिशेब चुकते करण्याची जपानी प्रथा येथूनच रुजली, असे सांगितले जाते. उगम काहीही असो, प्रथा आजही जिवंत आहे. त्या दिवशी जपानी आयातदारांची डॉलरसाठी मागणी वाढते आणि टोकियोच्या परकीय चलन बाजारात सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी ठरणाऱ्या दराकडे व्यवहारकर्ते डोळे लावून बसतात. थकीत कर्जांच्या याद्या चाळणाऱ्या आपल्यासारख्यांना या देवाविषयी जिव्हाळा वाटला तर नवल नाही.

परतीसाठी शुगाकुइन स्थानक सोयीचे. ही सारी वाट चालायला अर्धा दिवस पुरतो. सकाळी लवकर निघावे, आणि या मंदिरांच्या आसपास लोकांची घरे आहेत हे ध्यानात ठेवून आवाज बेताचा ठेवावा.

ज्यांचा हंगाम थोडक्यात हुकला, त्यांनी क्योटो स्थानकाहून रेल्वेने एकच स्थानक पुढे यामाशिना येथे उतरावे आणि वीस मिनिटे चालून ‘बिशामोनदो’ गाठावे. बिशामोन म्हणजे आपला वैश्रवण, अर्थात कुबेर. पूर्वी केवळ सम्राटाच्या दूतासाठी उघडणाऱ्या दरवाजाकडे येथे पायऱ्यांची रुंद चढण जाते. डिसेंबरच्या आरंभी फांद्या विरळ होऊ लागतात, तेव्हा झाडांवरचा सारा लाल रंग त्या पायऱ्यांवर उतरलेला असतो.