कमानींची ओळ

सकाळी ७ : फोर्टात गाड्यांची गर्दी व्हायच्या आत हॉर्निमन सर्कलला पायी फेरी मारते. दुरुस्तीचं काम एकाच खांबाचं आहे, पण सगळी कमानरांग पाहिल्याशिवाय मी कॅमेरा काढत नाही. बॉम्बे ग्रीनच्या मोकळ्या मैदानावर आखलेलं हे वर्तुळ १८७२ मध्ये पुरं झालं. भूखंड वेगवेगळ्या मालकांचे, दर्शनी भाग मात्र एकसारखे. या चौकाचं देखणेपण त्या शिस्तीत आहे, म्हणून एका दुकानाची मनमानी अख्ख्या वर्तुळाला भोवते.

९.३० : खांबाच्या पायाशी कुणीतरी कधीकाळी सिमेंट थापलंय. दगडी बांधकामात मुरलेलं पावसाचं पाणी चुन्याच्या सांध्यांतून सुकून जायला हवं. सिमेंटने ती वाट अडवली की ओल दगडातूनच बाहेर पडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. "मॅडम, ग्राइंडर लावू? तासाभरात साफ करतो," मेस्त्री विचारतात. नको. छिन्नी, हलका हात, आणि आधी हातभर जागेत चुन्याचा नमुना. तो नीट सुकल्यावरच पुढचं.

११.३० : शेजारच्या शेठना कमानीवर दिव्यांची मोठी पाटी हवी आहे. "पाटी दिसलीच नाही तर गिऱ्हाईक येणार कसं?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. मी कमानीच्या आत बसणारी सुटी अक्षरं सुचवते; खिळे दगडात नाहीत, सांध्यात.

दुपारी २.३० : परवानगीसाठी महापालिका. विकास नियंत्रण नियमावलीत १९९५ मध्ये आलेल्या नियम ६७ ने मुंबईत वारसा इमारतींची यादी, श्रेणी आणि समिती आणली. आता २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत तेच काम नियम ५२ करतो. समिती सल्ला देते, परवानगी आयुक्तांची. समोरचा टाऊन हॉल पहिल्या श्रेणीत आहे, तिथे मजबुतीसाठी लागेल तेवढाच हात लावता येतो. हा नियम मला मोलाचा वाटतो. पण तो तोडफोड थांबवतो, दुरुस्तीचा खर्च उचलत नाही. जुन्या भाडेकायद्याखाली नाममात्र भाडं घेणारा मालक चुन्याच्या कामाला पैसे आणणार कुठून? न वापरलेला बांधकामाचा हक्क विकून पैसे उभे करायची, म्हणजे टीडीआरची, तरतूद आहे. तरी गळणारं छप्पर या पावसाळ्याआधी दुरुस्त व्हायला हवं असतं. या खर्चासाठी शासनाने वेगळा निधी ठेवायलाच हवा.

संध्याकाळी ६ : शेठचा फोन. "अक्षरं पितळेची चालतील?" चालतील. उंचीचं माप आणि कमानीचं रेखाचित्र त्यांना पाठवलं. परवानगीच्या अर्जाला तेच जोडायचं आहे.