कुट्टी किती बारीक असावी?

बंदिस्त शेळीपालन वाढलं, तसा चारा बारीक करण्याचा सोसही वाढला. ज्वारीचा कडबा आधी कुट्टी यंत्रातून काढायचा, मग पुन्हा दळून त्याची पावडर करायची, ती भरड्यात मिसळून गव्हाणीत टाकायची, असं आता अनेक गोठ्यांत चालतं. त्यामागचा हिशेब साधा आहे. कांड्या उरत नाहीत, वैरण वाया जात नाही आणि शेळी जास्त खाते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही हा हिशेब अर्धाच आहे, कारण चाऱ्यात तंतुमय पदार्थ किती यावर सगळं ठरत नाही. ते तंतू केवढ्या लांबीचे तुकडे होऊन पोटात जातात, यावरही शेळीची तब्येत अवलंबून असते. एकाच पेंढीतल्या कडब्याची इंचभर कुट्टी आणि त्याचं पीठ प्रयोगशाळेत दिलं, तर तंतूंची टक्केवारी सारखीच येईल. शेळीच्या पोटात मात्र ते दोन वेगळे चारे ठरतात.

याचं कारण कोठीपोटात आहे. तिथे तंतू शेळी स्वतः पचवत नाही, तिच्यासाठी ते काम जिवाणू करतात. लांब तुकड्यांचा तिथे एक तरंगता थर तयार होतो. हा थर गाळणीसारखा बारीक कण अडवून धरतो आणि जिवाणूंना कामाला वेळ मिळतो. शिवाय त्या तुकड्यांच्या टोचणीमुळेच रवंथ सुरू होतो. निवांत बसलेल्या शेळीची मान नीट पाहिली, तर घास वर येताना दिसतो, मग जबडा आडवा फिरत राहतो आणि चघळून झाल्यावर तोच घास पुन्हा खाली उतरतो. निरोगी शेळी दिवसाचे सहा-आठ तास यातच घालवते. चघळताना जी लाळ सुटते तिच्यात नैसर्गिक सोडा असतो, आणि पोटात तयार होणारं आम्ल त्यामुळे आटोक्यात राहतं. चाऱ्याचं पीठ झालं की थर पातळ होतो, रवंथ कमी होतो आणि लाळही घटते. त्यात वरून धान्याचा मारा असेल तर आम्ल वाढत जातं, शेळी चारा टाकते, लेंड्या सैल होऊन त्यांचा लगदा पडतो. पोटफुगी आणि आंत्रविषार यांनाही इथूनच वाट मिळते. पीठ पोटातून लवकर पुढे सरकतं, म्हणून शेळी जास्त खाते हे खरं, पण त्याच घाईमुळे तंतूंचं पचन कमी होतं. तंतूंची लांबीही मोजली पाहिजे, हा विचार अमेरिकेत संशोधक मर्टेन्स यांनी १९९७ मध्ये दुभत्या गायींसाठी पद्धतशीर मांडला. त्यांनी १.१८ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा भाग कामाचा मानला. शेळीचा आकार लहान असल्याने गायीचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण तत्त्व तेच आहे.

यावर कुणी विचारेल, मग पेंढी तशीच का टाकू नये? तर तेही परवडत नाही. शेळीचा वरचा ओठ फार चपळ असतो. सुबाभळीच्या फांदीवरची पानं ती एकेक करून वेचते आणि काडी तशीच सोडते. अख्ख्या कडब्याचंही ती तेच करते, पाती खाते आणि धांडं पायाखाली तुडवते. जून धांड्यातला लिग्निन हा लाकडासारखा कडक घटक जिवाणूंनाही पचत नाही, त्यामुळे नुसते तंतू वाढवणं हाही उपाय नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पूर्ण आहाराच्या गोळ्या खाऊन बोकडांची वाढ झपाट्याने होते, मग बारीक चारा वाईट कसा? थोड्या महिन्यांत विकायच्या बोकडांसाठी हे गणित जमू शकतं, हे मान्य करायला हवं. पण अनेक वेतं ज्यांच्याकडून घ्यायची, त्या उस्मानाबादी किंवा संगमनेरी माद्यांना तोच नियम लावणं चूक आहे. गोळ्यांवरच्या बोकडांनाही रोज थोडी लांब वैरण द्यायलाच हवी.

तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण ९०० ते १२०० ग्रॅम कोरडा आहार लागतो. त्यात खुराकाचा वाटा पाव किलोपर्यंतच पुरे, बाकी सगळी वैरण हवी. वाळल्या वैरणीची कुट्टी एक ते दीड इंचाची ठेवावी आणि तूर-हरभऱ्याच्या भुसकटासोबत शेवरी किंवा दशरथ घास द्यावा. मका-ज्वारीचं पीठ करण्यात तर काहीच अर्थ नाही. शेळी दाणा स्वतः नीट चावते, तिला जाडसर भरडा पुरतो. दुपारी गोठ्यात बसलेल्या शेळ्यांपैकी निम्म्याही रवंथ करत नसतील, तर औषधाची बाटली शोधण्याआधी गव्हाणीतला चारा हातात घेऊन पाहा. आणि बदल करायचा ठरवलात, तर तो दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा, कारण नव्या चाऱ्याला सरावायला पोटातल्या जिवाणूंना तेवढे दिवस लागतातच.